गाठ जाळणारी सुई कोणासाठी?

कर्करोगावरील उपचारांत गेल्या तीन-साडेतीन दशकांत अनेक बदल घडून आले. त्यांतील एका महत्त्वाच्या बदलाची दखल वैद्यकीय परिषदांबाहेर फारशी घेतली गेलेली नाही. पोट न फाडता एक लांब, बारीक सुई सोनोग्राफीच्या वा सीटी स्कॅनच्या आधाराने यकृतातील गाठीत नेमकी नेऊन बसवायची आणि ती गाठ जागच्या जागी उष्णतेने मारून टाकायची, अशी ही पद्धत आहे. मोठ्या शस्त्रक्रियेची जखम, रक्तस्राव आणि आठवड्यांचे अंथरूण तिच्यामुळे टळते. रुग्ण बहुधा एक-दोन दिवसांत घरी जातो. ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर चालते, त्याला असा उपचार किती मोलाचा आहे हे वेगळे सांगावयास नको. तथापि ज्याला त्याची सर्वांत अधिक गरज आहे, त्याच्यापर्यंत तो पोहोचतो काय, हा खरा प्रश्न आहे आणि तो केवळ वैद्यकाचा नाही.

उष्णतेने रोग जाळण्याची कल्पना नवी नाही. सुश्रुतसंहितेत अग्निकर्माचा स्वतंत्र विचार आहे. नवी आहे ती त्या अग्नीवर माणसाने मिळवलेली हुकमत. अतिशीघ्र गतीने दिशा बदलणारा विद्युत्प्रवाह शरीरातून नेला तर स्नायूंना झटका बसत नाही, केवळ उष्णता निर्माण होते, असे फ्रेंच शास्त्रज्ञ दार्सोनवाल याने १८९१ मध्ये दाखवून दिले. याच तत्त्वावर आधारलेली सुई यकृतात वापरण्याचे प्रयोग इटली व अमेरिका येथील दोन गटांनी १९९० मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले. १९९२ मध्ये बोस्टन येथे हाडातील एका विशिष्ट प्रकारच्या वेदनादायी गाठीवर हा उपचार झाल्याचे वृत्त आले. पेशी ५० ते ५५ अंश सेल्सिअसला काही मिनिटांत मरते, ६० अंशांच्या वर जवळजवळ तत्क्षणी मरते. मात्र उष्णता १०० अंशांपलीकडे गेली की सुईभोवतीचा भाग कोळपतो आणि प्रवाह पुढे सरकेनासा होतो. म्हणून सारे कौशल्य आहे ते गाठीच्या कडेपर्यंत पुरेशी उष्णता पोहोचविण्यात. पुढे रेडिओ लहरींच्या जोडीला मायक्रोवेव्ह लहरी आल्या आणि हे काम अधिक वेगाने होऊ लागले.

या उपचाराला मर्यादाही आहेत. साधारणतः तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीत त्याचा खरा लाभ होतो. गाठीशेजारी मोठी रक्तवाहिनी असेल तर वाहते रक्त उष्णता काढून नेते आणि काही पेशी वाचतात. परंतु मर्यादेत वापरला तर तो शस्त्रक्रियेच्या तोडीचा ठरतो. मोठ्या आतड्यातून यकृतात पसरलेल्या लहान गाठींसाठी हा उपचार शस्त्रक्रियेहून उणा नाही, असा निष्कर्ष नेदरलंड्समधील संशोधकांनी २०२४ मध्ये मांडला.

येथेच वैद्यकाची हद्द संपते आणि समाजरचनेची सुरू होते. तीन सेंटिमीटरची गाठ दुखत नाही. ती स्वतः होऊन कोणाला भेटावयास येत नाही, तिला शोधावे लागते. यकृत आकसलेल्या रुग्णाची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी व्हावी, असे शास्त्र सांगते. ज्याला तालुक्याच्या गावी जाण्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडवावी लागते आणि तेथे पोहोचल्यावर यंत्र बंद किंवा ते चालविणारा डॉक्टर रजेवर असे ऐकावे लागते, त्याची गाठ तीन सेंटिमीटरची असताना सापडणार कशी? ती सापडते तेव्हा बहुधा सुईच्या आवाक्याबाहेर गेलेली असते. सुई एकदाच वापरून टाकून द्यावयाची, तिचे मोल सामान्य कुटुंबाच्या कुवतीपलीकडचे, ती चालविणारे तज्ज्ञ बव्हंशी मोठ्या शहरांत. असे हे विज्ञान वर्गातीत असले तरी त्याची वाटणी वर्गातीत राहत नाही.

यावर कोणी म्हणेल की नवे तंत्र आरंभी महागच असावयाचे, कालांतराने ते खाली झिरपते. या झिरपण्याच्या सिद्धान्ताची परीक्षा घेण्यासाठी याच तत्त्वावरील दुसरे एक उपकरण पाहावे. ते सुईहून जुने आहे आणि कितीतरी स्वस्त आहे. जर्मनीतील स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट झेम यांनी १९६६ मध्ये गर्भाशयमुखावरील रोगट पापुद्रा उष्णतेने नष्ट करणारे साधन पुढे आणले. सुमारे १०० अंशांपर्यंत तापविलेले त्याचे टोक गर्भाशयमुखावर २० ते ३० सेकंद टेकवावयाचे आणि जरूर पडल्यास शेजारच्या भागावर पुन्हा टेकवावयाचे, इतकीच ही क्रिया. बहुतेक स्त्रियांना भूल लागत नाही. आज हे साधन हातात मावते आणि बॅटरीवर चालते. थंडीने गोठविण्याच्या पद्धतीला वायूची जड नळकांडी खेड्यापर्यंत वाहून न्यावी लागत, ते ओझेही राहिलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कर्करोगपूर्व अवस्थेतील या उपचाराला रीतसर मान्यता दिली.

हे साधन प्रत्यक्ष कर्करोग बरा करीत नाही, तो होऊ देत नाही. गर्भाशयमुखाचा कर्करोग ह्यूमन पॅपिलोमा विषाणूमुळे होतो, हे दाखविणारे हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणूच्या संसर्गापासून कर्करोगापर्यंतची वाटचाल बहुधा दहा ते वीस वर्षांची असते. निसर्ग एवढी दीर्घ मुदत क्वचितच कोणत्या रोगात देतो. तरीही आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा रोग झाला आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने मृत्यू पावल्या. मुदत होती, साधन होते, तरी या स्त्रिया गेल्या. त्यांच्या मृत्यूला दैव म्हणणे ही शासनाची सोय आहे.

महाराष्ट्राच्या बाबतीत ही गोष्ट अधिक बोचणारी आहे, कारण यासंबंधीचे ज्ञान जगाला ज्यांनी मिळवून दिले त्यांत याच भूमीतील श्रमिक स्त्रिया आहेत. बार्शीचे कर्करोग रुग्णालय आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहभागाने तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून १ लाख ३१ हजारांवर स्त्रियांचा अभ्यास झाला. आयुष्यात एकदा केलेल्या विषाणू-चाचणीनेही या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटतात, असा त्याचा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून दीड लाख स्त्रियांमध्ये दुसरा अभ्यास झाला. अल्पमुदतीचे प्रशिक्षण घेतलेल्या, डॉक्टर नसलेल्या स्त्रियांनी सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल लावून दर दोन वर्षांनी तपासणी केली आणि मृत्यूंचे प्रमाण ३१ टक्क्यांनी उतरले. या दोन्ही अभ्यासांत तुलनेसाठी ठेवलेल्या गटातील स्त्रियांची अशी तपासणी केली गेली नाही आणि त्यावरून पुढे नैतिकतेचा गंभीर वाद झाला. तो वाद गैरलागू नव्हता. परंतु त्या स्त्रियांचे ऋण केवळ वादाने फिटत नाही. ज्यांच्या देहावरून ज्ञान मिळाले, त्यांच्या लेकीसुनांना त्याचा लाभ पोहोचला तरच ते फिटेल.

तो पोहोचला काय? केंद्र सरकारने २०१६ मध्ये तीस वर्षांवरील स्त्रियांच्या तपासणीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यानंतर २०१९-२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी दोन टक्क्यांहूनही कमी स्त्रियांनी आपली अशी तपासणी कधी झाल्याचे सांगितले. झिरपण्याच्या सिद्धान्ताचा निकाल याहून स्पष्ट लागू शकत नाही. साधन महाग असते तेव्हा ते किमतीमुळे पोहोचत नाही. स्वस्त असते तेव्हा त्यात कोणाचा नफा नसल्यामुळे पोहोचत नाही.

सार्वजनिक व्यवस्था जेथे माघार घेते, ती जागा रिकामी राहत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांचे उदाहरण ताजे आहे. २०१९ मध्ये शासनाने नेमलेल्या समितीसमोर आलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांत फडात काम थांबले तर मुकादमाचा दंड, राहावयास पालाचा आडोसा, ना न्हाणीघर ना संडास, आणि अंगावरून जाते म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला 'पिशवीचा कॅन्सर होईल' ही भीती. उचल फेडण्यासाठी राबणाऱ्या या स्त्रियांनी शस्त्रक्रियेसाठी आणखी कर्ज काढले. कर्करोगाची भीती खरी होती, पण तिचे उत्तर होते विषाणूची चाचणी आणि त्यांतील मोजक्या जणींना काही सेकंदांची उष्णता. एका बाजूला तपासणीच नाही, दुसऱ्या बाजूला तपासणीवाचून अवयवच काढून टाकलेला, अशी ही दुहेरी वंचना आहे.

अर्थात यंत्रे वाटून हा प्रश्न सुटेल असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. रोगट भाग गर्भाशयमुखाच्या आत शिरलेला असेल, फार पसरलेला असेल किंवा कर्करोगाचा संशय असेल, तर हे साधन वापरता येत नाही. त्या स्त्रीला पुढील रुग्णालयात पाठवावेच लागते. उष्णतेने जळालेल्या भागाची प्रयोगशाळेत तपासणी होऊ शकत नाही, म्हणून आधीची पाहणी नीट झाली पाहिजे आणि पुढे ठरल्या मुदतीत पुन्हा बोलावणे झाले पाहिजे. नोंदवही, आडोशाची खोली, समजुतीने बोलणारी परिचारिका आणि स्त्रीची स्वतःची संमती यांवाचून हा उपचार म्हणजे शिबिरांच्या आकड्यांत पडलेली आणखी एक भर ठरेल. लक्ष्यपूर्तीच्या शिबिरांनी कुटुंबनियोजनाच्या काळात काय केले, याचे विस्मरण होता कामा नये.

तेव्हा मागण्या नेमक्या असावयास हव्यात. प्रत्येक तालुक्यात विषाणू-चाचणीची सोय, प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या गटासाठी उष्णता-उपचाराचे साधन व ते चालविणारी प्रशिक्षित व्यक्ती, साखर कारखान्यांच्या हंगामात फडाजवळ तपासणी, आणि तपासणीच्या दिवसाची पूर्ण मजुरी. आशा कार्यकर्त्यांवर हे काम सोपविताना त्यांना मानधनाच्या तुकड्यांऐवजी रीतसर वेतन मिळाले पाहिजे. यकृताच्या गाठींवरील सुईसारखे उपचार जिल्हा पातळीवरील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत सुरू झाले पाहिजेत, आणि त्या सुया देशात बनविण्यासाठी सार्वजनिक संशोधन संस्थांना काम व पैसा मिळाला पाहिजे.

या मागण्या आपोआप कोणी मान्य करणार नाही. श्रमिकांच्या चळवळीत मजुरीचा दर, उचल आणि कामाचे तास यांवर जेवढी चर्चा झाली, तेवढी स्त्री-कामगाराच्या देहाला होणाऱ्या इजेवर झाली नाही, ही उणीव मान्य केली पाहिजे. ऊसतोड संघटनेच्या पुढील करारात मजुरीच्या दराखालोखाल तपासणीचे कलम आले, ग्रामसभेत रस्त्याच्या ठरावासोबत आरोग्य केंद्रातील रिकाम्या पदांचा हिशेब मागितला गेला, तर ती उणीव भरून निघू लागेल. बार्शी भागातील स्त्रियांनी आपल्या वाट्याचे काम केव्हाच केले आहे. आता राहिला आहे तो शासनाचा वाटा, आणि तो वसूल करण्याचे काम कार्यकर्त्यांचे आहे.