औषध मोफत, पण गाडीभाड्याचे काय?

सरकारी रुग्णालयात उपचार मोफत होतात हे आता खेड्यापाड्यांतही ठाऊक आहे. तरीही पुष्कळ रुग्ण पुढच्या तारखेला फिरकत नाहीत. डॉक्टर याला निष्काळजीपणा म्हणतात. पण घरी जाऊन चौकशी केली, तर अनेकदा कारण निघते ते गाडीभाड्याचे. रुग्णाचा रोज बुडतो, सोबत येणाऱ्याचाही बुडतो. वर दोघांचे जाण्या-येण्याचे भाडे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, अशी ही गत आहे.

वास्तविक रुग्णालयापर्यंत पोहोचणे हा उपचाराचाच पहिला भाग होय. बाळंतपणाच्या बाबतीत शासनाने हे मान्य केले आहे. 2011 साली सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात गरोदर स्त्रीला घरून सरकारी रुग्णालयात नेणे, गरज पडल्यास मोठ्या रुग्णालयात हलवणे आणि बाळंतपणानंतर बाळासह घरी सोडणे, हे सर्व मोफत आहे. त्यासाठी 102 क्रमांकावर फोन करावा. अपघात, सर्पदंश, हृदयविकाराचा झटका अशा तातडीच्या वेळी 108 ची गाडीही मोफत मिळते. डिझेलसाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत. वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे तक्रार करावी.

परंतु नेमलेल्या तारखेला तपासणीसाठी जाणाऱ्यांसाठी या गाड्या नाहीत. त्यांना सवलतींचा आधार घ्यावा लागतो. डायलिसिस, सिकलसेल व हिमोफिलियाच्या रुग्णांना एस.टी.चा प्रवास मोफत आहे. कर्करोग व क्षयरोगाच्या रुग्णांना भाड्यात मोठी सूट आहे. रेल्वेने 2020 मध्ये बऱ्याच सवलती बंद केल्या, पण रुग्णांच्या चालू ठेवल्या. कर्करोगाच्या व डायलिसिसच्या रुग्णासोबत जाणाऱ्या एका माणसालाही तेथे सवलत मिळते. डॉक्टरांचे ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र मात्र हवे. पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना ऑगस्ट 2022 पासून एस.टी. मोफत आहे, तर मार्च 2023 पासून स्त्रियांना अर्धे तिकीट आहे.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या पॅकेजमध्ये रुग्णाला रुग्णालयातून घरी जाण्यासाठी एस.टी.चे अथवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडे धरलेले असते. किती जण ते मागून घेतात? घरी सोडण्याच्या दिवशी आरोग्यमित्राकडे त्याची आठवण जरूर करावी.

पण ही मदत एका बाजूच्या प्रवासापुरतीच. येण्याचे भाडे आणि पुढच्या तपासण्यांच्या फेऱ्या रुग्णाच्याच खिशातून. आठवड्यातून दोनदा डायलिसिस म्हटले, तरी महिन्याला आठ-नऊ फेऱ्या झाल्या. रुग्णाचे तिकीट माफ झाले तरी त्याला हात धरून नेणाऱ्या मुलाचे काय? अमेरिकेत गरिबांसाठी असलेल्या मेडिकेड योजनेत नेमलेल्या तपासणीला रुग्णाला नेण्या-आणण्याची सोय करणे राज्यांवर बंधनकारक आहे. आपल्या योजनेनेही पुढच्या तपासण्यांचे आणि एका सोबत्याचे भाडे पॅकेजमध्ये धरावे, अशी मागणी आता लोकप्रतिनिधींकडे झाली पाहिजे.

तोवर रुग्णालयांना बिनखर्चात दोन गोष्टी करता येतील. प्रवास सवलतींचा मोठा फलक केसपेपरच्या खिडकीजवळ लावावा. आणि एका गावच्या, एकाच आजाराच्या रुग्णांना शक्यतो एकच तारीख द्यावी, म्हणजे एका जीपमध्ये चौघे येतील.

वाचकांनीही एवढे करावे : शेजारी कोणी अर्धवट उपचार सोडून घरी बसला असेल, तर त्याला दोष देण्याआधी विचारावे, ‘भाड्यासाठी अडले आहे का?’ उत्तर ‘हो’ आले, तर त्याला घेऊन आधी रुग्णालयात प्रमाणपत्रासाठी आणि मग एस.टी.च्या आगारात जावे. मागितल्याशिवाय ही सवलत कोणी घरपोच आणून देणार नाही.