व्हिडिओ दाखवा, पण त्या पोरांचा हातही जनावराला लागू द्या!

मंडळी, आज विषय जरा वेगळा आहे. रस्ता, गटार आणि पाण्यावर आपण नेहमीच भांडतो, उद्याही भांडू. आज जनावरांच्या डॉक्टरांबद्दल लिहितोय. लांब आहे, पण वाचा.

मागे एकदा बकरी ईदच्या दोन दिवस आधी चीता कॅम्पमधून फोन आला. ओळखीच्या चाचांच्या बोकडाचं पोट फुगलं होतं. वर्षभर पैसे साठवून घेतलेला बोकड. मी पोचलो तेव्हा तो आडवा पडून कण्हत होता आणि पोट ढोलासारखं वाजत होतं. कुणीतरी एका नव्या पशुवैद्याला बोलावलं होतं. पदवी घेऊन वर्षही झालं नसेल. पोरगा हुशार. काय झालंय ते बघताक्षणी ओळखलं त्यानं. डाव्या भकाळीत सुई घालून वायू काढायला हवा, हेही लगेच सांगितलं. पण सुई हातात घेतली आणि हात थरथरायला लागला. हळूच मला म्हणाला, "सर, व्हिडिओत दहा वेळा बघितलंय. हातानं कधी केलं नाही."

चाचा म्हणाले, "बेटा, डर मत. कर."

शेवटी त्यानं आपल्या सीनियरला व्हिडिओ कॉल लावला. मी मोबाईल धरून उभा. पलीकडून आवाज, "बोट ठेव. अजून मागं. शेवटची बरगडी लागली? तिच्या मागं खड्डा आहे बघ. हां, तिथंच." सुई गेली, फुस्स करून वायू निघाला, बोकड वाचला.

घरी येताना डोक्यात एकच गोष्ट. त्या पोराला मोबाईलनंच अडकवलं आणि मोबाईलनंच सोडवलं. फरक काय होता? पहिल्या व्हिडिओला त्याचा हात दिसत नव्हता. दुसऱ्यात पलीकडे शिकवणारा माणूस होता, तो हात बघत होता आणि चूक दुरुस्त करत होता.

आता मुद्द्यावर येतो. साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे हा, त्यात शेवटचं एक वर्ष इंटर्नशिप. आपल्या मुंबईत परळला १८८६ सालापासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. शेजारी बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय, ज्याला आपण सगळे बैलघोडा हॉस्पिटल म्हणतो. म्हणजे जनावरांचं डॉक्टरकीचं शिक्षण या शहराला नवीन नाही. २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि सगळं शिक्षण मोबाईलवर आलं. तेव्हा इलाज नव्हता, मान्य. पण तेव्हाची ती तात्पुरती सोय आता कायमची पळवाट व्हायला नको, एवढंच माझं भांडण आहे.

मी व्हिडिओच्या विरोधात नाही. उलट मला तर जास्त व्हिडिओ हवेत. एका टेबलाभोवती पंधरा-वीस विद्यार्थी उभे केले तर मागच्यांना ऑपरेशन दिसत नाही, पुढच्यांची पाठ दिसते. व्हिडिओत टाका कसा घेतला ते जवळून दिसतं, थांबवता येतं, मागं नेता येतं. गाठ कशी मारायची, जनावर कसं पाडायचं, शीर कुठं शोधायची, हे आधी बघून गेलेला विद्यार्थी गोंधळत नाही. त्यात जनावराचेही हाल कमी होतात.

पण गाभण तपासणीचं काय कराल? हात खांद्यापर्यंत गाईच्या आत. काय लागतंय ते शिकवणाऱ्यालाही दिसत नाही, मग कॅमेऱ्याला काय दिसणार? ही अडचण जगभर आहे. ब्रिटनमध्ये सारा बेली या पशुवैद्य प्राध्यापिकेनं त्यासाठी 'हॅप्टिक काऊ' नावाचं यंत्र बनवलं. विद्यार्थ्याच्या बोटाला गर्भाशय लागल्यासारखं जाणवतं आणि बोट कुठं आहे ते शिक्षकाला स्क्रीनवर दिसतं. एवढं महाग यंत्र नसेल तर आपल्या ट्रॉम्बेच्या शेजारी देवनार आहे. १९७१ पासूनचा कत्तलखाना. म्हशीचं गर्भाशय हातात घेऊन सराव करणं ही जुनी आणि स्वस्त पद्धत आहे. तिथं पहिल्या शंभर चुका करा, मग जिवंत जनावराकडे जा.

दुसरी गोष्ट, पोरं व्हिडिओ बघतात कुठले? परदेशातले. लोखंडी चौकटीत शांत उभी असलेली गोरीपान गाय आणि फाडफाड इंग्रजी. आपल्याकडे म्हैस खुंट्याला, मालक शेपटी धरून, अंधारा गोठा, पायाखाली शेण. बीड-हिंगोलीकडून मराठी शाळेत शिकून आलेल्या पोराला त्या व्हिडिओतलं किती उपयोगी पडणार? आणि मालकाला विचारायचं कसं? माजावर कधी आली, रवंथ करते का, वार पडली का? हे कुठल्या परदेशी व्हिडिओत येणार?

कुणी म्हणेल, ट्रॉम्बेत बसून तुला गाई-म्हशींचं काय पडलंय? २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात शेळ्याच एक कोटीच्या वर होत्या. २०२२ ला लंपी आला तेव्हा गावोगाव जनावरं मेली आणि लस टोचणारे हात कमी पडले. आणि इथलंच बोला ना. कुत्र्यांवरून रोज भांडणं होतात. २०२३ च्या नियमांनुसार उपाय एकच, नसबंदी आणि लसीकरण. ती नसबंदी कच्च्या हातानं झाली तर टाके उसवतात आणि कुत्रं गल्लीत तडफडतं. मग दोष कुणाचा?

आता सावळी विहीर, बारामती, परळी इथं नव्या महाविद्यालयांना सरकारनं मंजुरी दिली आहे. आनंद आहे. पण इमारत पैशानं उभी राहते, अनुभवी शिक्षक आणि जनावरांनी भरलेला दवाखाना तसा उभा राहत नाही. रिकाम्या खुर्चीसमोर प्रोजेक्टर लावून "प्रात्यक्षिक झालं" असं लिहिण्याचा मोह तिथंच होणार.

म्हणून माझ्या चार मागण्या :

१. विद्यापीठानं स्वतःचे व्हिडिओ काढावेत, आपल्या दवाखान्यात, आपल्या जनावरांवर, मराठीत. सगळ्या महाविद्यालयांना ते फुकट मिळावेत.

२. आधी व्हिडिओ, मग मॉडेल, मग शिक्षकासमोर जिवंत जनावर. हा क्रम मोडायचा नाही. वहीत सही किती व्हिडिओ बघितले यावर नको, किती वेळा हातानं केलं यावर हवी.

३. देवनार आणि महापालिकेच्या कामातली कुत्र्यांची नसबंदी केंद्रं यांच्याशी महाविद्यालयानं रीतसर करार करावा. विद्यार्थी अनुभवी सर्जनच्या हाताखाली उभे राहू देत.

४. शिक्षकाची रिकामी जागा व्हिडिओनं भरली असं कागदावर दाखवायला बंदी.

त्या दिवशी त्या पोरानं चाचांकडून पैसे घेतले नाहीत. "मी आज शिकलो," म्हणाला. चाचा हसले. पण बोकड मेला असता तर त्या शिकण्याची किंमत चाचांनी मोजली असती, कुठल्या विद्यापीठानं नाही.

ओळखीत कुणी पशुवैद्यकीयला शिकत असेल तर त्याला हे पाठवा आणि विचारा, शिकताना हातानं किती वेळा केलंस? खरी उत्तरं कमेंटमध्ये लिहा. नावं लिहू नका, फक्त आकडा लिहा. पुढची पोस्ट त्या आकड्यांवर.