एक नाणें, अनेक तिजोऱ्या

एकत्र घराची तिजोरी कशी चालते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. एका भावाची मिळकत बुडाली तर घर त्याचा भार उचलतें. आणि त्याचबरोबर त्याचा हिशेब विचारण्याचा अधिकारही घराकडे येतो. भार आणि अधिकार या दोहोंपैकीं एक नाहींसा झाला कीं घरांत कुरबूर सुरू झालीच म्हणून समजावें. युरोपांतील राष्ट्रांच्या सामाईक नाण्याची कथा या दृष्टीनें पाहण्याजोगी आहे.

1992 सालीं मास्ट्रिख्ट येथें झालेल्या तहानें या नाण्याचा पाया घातला. 1999 च्या जानेवारींत अकरा राष्ट्रांनीं युरो स्वीकारला, 2001 सालीं ग्रीस त्यांत आला आणि 2002 पासून नोटा व नाणीं लोकांच्या हातीं पडलीं. सरकारी तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेंकडा 3 हून व कर्ज शेंकडा 60 हून अधिक नसावें, असा दंडक होता. एका राष्ट्राच्या कर्जास दुसरें बांधील नाहीं, असेंही तहांत स्पष्ट होतें. म्हणजे नाणें एक, व्याजाचा दर ठरविणारी फ्रांकफुर्ट येथील मध्यवर्ती बँक एक. परंतु कर, खर्च आणि कर्ज ज्याचें त्याचें.

सुकाळांत ही उणीव फारशी कोणास जाणवली नाहीं. ग्रीसला जवळजवळ जर्मनीच्याच दरानें कर्ज मिळूं लागलें व त्यानें तें घेतलें. 2009 सालीं उघड झालें कीं, त्याची खरी तूट दाखविलेल्या तुटीहून पुष्कळच मोठी होती. जुनें ड्राख्मा हें चलन असतें तर त्याची किंमत उतरवून माल स्वस्त करतां आला असता. तो मार्ग बंद झाल्यामुळें पगार व निवृत्तिवेतनें कापणें नशिबीं आलें. 2013 सालीं तेथें बेकारी शेंकडा 27 च्या वर गेली.

खोट्या हिशेबाचें ऋण आम्हीं कां फेडावें, हा जर्मन करदात्याचा प्रश्न गैर नव्हता. परंतु जर्मनीचा माल परदेशीं खपण्यास याच नाण्याचें साह्य झालें. स्वतंत्र मार्क असता तर तो महागला असता. शिवाय ग्रीसला दिलेल्या मदतीचा मोठा भाग जुन्या सावकारांचें देणें फेडण्यांत गेला, आणि त्या सावकारांत जर्मन व फ्रेंच बँकाही होत्या.

2015 च्या जुलैंत ग्रीसमधील बँका बंद होत्या. यंत्रांतून माणशीं दिवसाला 60 युरो मिळत. 5 जुलैच्या सार्वमतांत शेंकडा 61 लोकांनीं धनकोंच्या अटी नाकारल्या. तरीही आठवडाभरांतच सरकारला कडक अटी मान्य कराव्या लागल्या. कारण नाणें सोडण्यास बहुसंख्य लोकही तयार नव्हते. ज्या नाण्यावर आपली एकट्याची सत्ता नाहीं, तें वापरणाऱ्या राष्ट्राच्या मतास किती वजन उरतें, हें त्या आठवड्यानें दाखविलें.

2020 सालीं साथीच्या संकटांत युरोपीय संघानें 750 अब्ज युरोंचा निधि सामाईक कर्जानें उभारण्याचें ठरविलें. हें पाऊल आम्हांस योग्य वाटतें. मात्र वाईट दिवसांत कोणीं किती भार उचलावा व हिशेब कोणीं तपासावा, हें नाणें एक करण्यापूर्वींच ठरलें असतें, तर ग्रीसमधील वृद्धांस बँकांच्या दारांत ताटकळत बसावें लागलें नसतें.