सॉक्रेटिसचा मुलगा अ‍ॅरिस्टॉटल

जहाजांच्या धंद्यात गडगंज झालेल्या ओनासिसचं पूर्ण नाव होतं अ‍ॅरिस्टॉटल सॉक्रेटिस ओनासिस. वडिलांचं नाव सॉक्रेटिस, म्हणून मधे सॉक्रेटिस. आपल्यासारखंच: स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव. (मधला प्लेटो कुठे गेला ते विचारू नका.) आपल्याला हे नाव एकांकिकेतलं वाटतं, पण ग्रीसमध्ये त्यात काही विशेष नाही. तिथे सोक्रातिस नावाचा प्लंबर असू शकतो आणि अफ्रोदिती नावाची आजी भाजी निवडत बसलेली असू शकते. अख्खं अरिस्तोतेलिस म्हणून हाक कोण मारणार? म्हणून घरी नुसता तेलिस, नाहीतर आरिस. कॅलिओपी ही महाकाव्याची देवता, तिची घरात होते पोपी. आपल्याकडे पुरुषोत्तमाचा पुरू आणि प्रल्हादाचा पल्या होतो, तसंच.

हा विषय डोक्यात घुसायचं कारण म्हणजे आमच्या प्रोजेक्टवरचा थेस्सलोनिकीचा एक जण. त्याला मुलगा झाला. अभिनंदन वगैरे झाल्यावर मी विचारलं, नाव काय ठेवलं? तर म्हणे अजून नाही, सध्या नुसता 'बेबिस'. आपलं बारसं बाराव्या दिवशी उरकतं. त्यांच्याकडे नाव पडतं ते चर्चमधल्या बाप्तिस्म्याला, आणि तो व्हायला कित्येक महिने जातात. तोवर बेबिस. बायकोला 'इयासोनास' हवंय, म्हणजे सोनेरी लोकर आणायला गेलेला जेसन. आणि सासरेबुवा काही बोलत नाहीयेत. हे काही न बोलणं काय असतं ते मराठी माणसाला समजावून सांगायला नको.

सासरेबुवा गप्प, कारण ग्रीसमधला जुना नियम असा की पहिल्या मुलाला बापाच्या वडिलांचं नाव द्यायचं. तो कुठल्या कायद्यात नाही, पण कायद्यापेक्षा कडक आहे. पापांद्रेऊ घराणं घ्या. आजोबा गिऑर्गोस पंतप्रधान, मुलगा आंद्रेआस 1981 मध्ये पंतप्रधान, नातू पुन्हा गिऑर्गोस, तो 2009 मध्ये पंतप्रधान. 2019 मध्ये पंतप्रधान झालेले किरियाकोस मित्सोताकिस हे पंतप्रधान कॉन्स्टंटिनोस मित्सोताकिस यांचे चिरंजीव, आणि त्यांच्याही आजोबांचं नाव किरियाकोस. आता एका आजोबांना चार मुलगे असले आणि चौघांनी नियम पाळला, की दिवाळीला (सॉरी, ईस्टरला) एका टेबलावर चार गिऑर्गोस जमणार, आडनावासकट डुप्लिकेट! आमच्या भाषेत प्रायमरी कीचा बट्ट्याबोळ. मधलं बापाचं नाव असतं म्हणून निदान रेकॉर्ड वेगळे काढता येतात.

आपल्याकडेही हे होतंच की. पहिल्या बाजीरावाचा नातू दुसरा बाजीराव. शाहू महाराजांचं मूळ नाव शिवाजी, म्हणजे आजोबांचंच. आपण ते सोडून दिलं आणि हवं ते नाव ठेवायला मोकळे झालो. परिणाम काय, तर वर्गात तीन आरव आणि दोन विहान. स्वातंत्र्य मिळूनही डुप्लिकेट रेकॉर्ड आहेतच. असो.

पण खरी गंमत पुढे आहे. मला वाटायचं की ग्रीक लोक प्लेटोच्या काळापासून आजपर्यंत सलग पेरिक्लिस आणि थेमिस्तोक्लिस अशी नावं ठेवत आले असतील. तसं अजिबात नाही. ख्रिस्ती झाल्यानंतर कित्येक शतकं तिथे 'हेलेन' या शब्दाचा अर्थच मूर्तिपूजक असा होता, म्हणजे जवळजवळ शिवी. लोक स्वतःला रोमिओई म्हणजे रोमन म्हणवायचे आणि पोरांना संतांची नावं द्यायचे. यानिस, निकोलाओस, मारिया. ज्या संताचं नाव त्याच्या सणाला तुमचा नामदिन, आणि कित्येक घरांत तो आजही वाढदिवसापेक्षा मोठा. त्या दिवशी लोक फोन करतात, घरी येतात, आणि चारायचं तुम्ही.

प्राचीन नावांची लाट आली ती अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला, स्वातंत्र्ययुद्धाच्या तोंडावर. 1817 मध्ये आशिया मायनरच्या किनाऱ्यावरच्या किदोनिएस गावी (आजचं तुर्कस्तानातलं आयवालिक) शाळेतल्या पोरांनी ठराव केला, की आपसात प्राचीन ग्रीकच बोलायचं आणि एकमेकांना प्राचीन नावांनीच हाक मारायची. तेव्हा तिथे असलेल्या आंब्रुआझ फिर्मां-दिदो या फ्रेंच माणसाने हे लिहून ठेवलंय. कॉलेजात फेस्टच्या आधी पोरं जसे ठराव करतात तसलाच प्रकार, पण याची दखल थेट कॉन्स्टँटिनोपलमध्ये घेतली गेली. 1819 मध्ये पॅट्रिआर्क ग्रेगोरिओस पाचवे यांनी पत्रक काढलं आणि बाप्तिस्म्याच्या वेळी बाळांना प्राचीन ग्रीक नावं द्यायच्या या नव्या खुळाचा निषेध केला. दोन वर्षांनी उठाव झाला. त्यात लास्करिना बुबुलिना या बाईचं लढाऊ जहाज होतं, त्याचं नाव 'अ‍ॅगमेम्नॉन'. एका सरदाराचं नाव ओदिसेआस आंद्रुत्सोस, जन्म इथाका बेटावरचा, म्हणजे होमरच्या ओडिसिअसचं गाव. आणि पॅट्रिआर्क? त्यांना उठावाची शिक्षा म्हणून सुलतानाने 1821 च्या ईस्टरला फासावर लटकवलं. नावांना विरोध करणारा आणि ती नावं मिरवणारे, तुर्कांच्या लेखी सगळे सारखेच.

पॅट्रिआर्कचं म्हणणं धर्माच्या अंगाने मला अजिबात पटत नाही. कारण ज्या संतांची नावं ते पवित्र मानत होते, त्यांतली कितीतरी मुळात त्या जुन्या देवांचीच. दिमित्रिओस म्हणजे देमेतर या धान्यदेवतेचा. दिओनिसिओस म्हणजे दारूच्या देवाचा. इसिदोरोस म्हणजे तर इजिप्तच्या इसिस देवीची देणगी! एकेका शहीदाने ती नावं धुऊन घेतली एवढंच. लारिसाचा एक बिशप अखिलिओस संत झाला, म्हणून आजच्या अखिलेआसला 15 मे हा नामदिन मिळतो. इयासोनासलाही 29 एप्रिलचा एक संत आहे, ही माहिती मी आमच्या मित्राला सासऱ्यांसमोर वापरायला दिली आहे. (त्याला ती अर्थातच आधीपासून होती.) आणि ज्यांना कुठलाच संत सापडत नाही त्यांच्यासाठी सर्व संतांचा एक रविवार राखून ठेवलाय. मस्त डिफॉल्ट व्हॅल्यू आहे.

पण एक गोष्ट मात्र मला खटकते. आजोबांचं नाव ठेवताना तुम्ही एक खराखुरा माणूस पुढे नेत असता. तो खोकत होता, उधारी ठेवत होता, बरा-वाईट जसा होता तसा माहितीचा होता. अखिलेआस ठेवताना तुम्ही अडीच-तीन हजार वर्षं ओलांडून एकदम एका अशा माणसाशी नातं जोडता ज्याला घरातल्या कोणी पाहिलेलं नाही, आणि मधल्या सगळ्या कोळी-मेंढपाळ पणजोबांना वगळता. पणजोबांची लाज वाटते म्हणून ही उडी मारली जात असेल तर मी सासरेबुवांच्या बाजूचा. आणि गोष्ट आवडते म्हणून ठेवलं तर बेशक ठेवा. ब्राझीलच्या सॉक्रेटिस या फुटबॉलपटूच्या बापाने वाचनाच्या नादात पोरांना सॉक्रेटिस, सोस्तेनिस, सोफोक्लिस अशी नावं दिली. त्याला कुणाचा वारस असल्याचं सिद्ध करायचं नव्हतं, पुस्तकं आवडली होती. सॉक्रेटिस पुढे डॉक्टर झाला आणि ब्राझीलचा कॅप्टनही.

गोष्ट आवडते म्हणावं, तर गोष्टी पण काय एकेक! इयासोनासने मेदियाला टाकलं. ओरेस्तिसने आईचा खून केला. दानाईला बापाने कोंडून ठेवलं. आरियाद्नीला प्रियकर बेटावर झोपेत सोडून पळाला. आणि ही सगळी गोड बाळांची नावं आहेत. आपण यात जरा जास्त घाबरट. अभिमन्यू चालतो, कर्ण चालतो, पण अश्वत्थामा नको आणि दुर्योधन तर नकोच. त्यातल्या त्यात बीड-सोलापूरकडे बिभीषण भेटतो, पण तो शेवटी रामाच्या बाजूला गेलेला!

आता मुद्द्याचं. प्राचीन नाव हे जर वारशाचं सर्टिफिकेट असेल, तर ते कुणालाही चाललं पाहिजे ना? थेस्सलोनिकीजवळ नेआ मिखानिओना नावाचं गाव आहे. ग्रीसमध्ये 28 ऑक्टोबरच्या संचलनात झेंडा धरण्याचा मान शाळेतल्या सगळ्यात हुशार मुलाला मिळतो. 2000 मध्ये त्या गावात हा मान आला अल्बेनियाहून आलेल्या एका मुलाकडे. गावातल्या पालकांनी आणि पोरांनी विरोध केला, परदेशी पोरगा आमचा झेंडा कसा धरणार म्हणून. त्याने मान सोडला. 2003 मध्ये तो पुन्हा पहिला आला. पुन्हा तेच सगळं, पुन्हा त्याने झेंडा सोडला. मुलाचं नाव होतं ओदिसेआस.

म्हणजे ओडिसिअस. याहून ग्रीक नाव शोधून सापडणार नाही. मार्क पण सगळ्यात जास्त. तरी नाही. आणि ज्या गावाने नकार दिला ते गाव कुणी वसवलेलं? 1922 च्या पराभवानंतर आशिया मायनरमधून हाकलल्या गेलेल्या निर्वासितांनी. नावातलं 'नेआ' म्हणजे नवी. जुनी मिखानिओना पलीकडे तुर्कस्तानात राहिली. ओनासिससुद्धा त्याच 1922 मध्ये स्मिर्नातून बाहेर पडलेला. अशा लोकांच्या नातवंडा-पतवंडांनी एका ओदिसेआसला परका म्हणावं, यावर मी काय बोलू.

याच्या उलट पिर्रोस दिमास. जन्म अल्बेनियातला, ग्रीक भाषिक घरातला, नाव एपिरसच्या पिर्‍हस राजाचं. 1992, 1996 आणि 2000 अशी तीन ऑलिम्पिक सुवर्णपदकं उचलली ग्रीससाठी, तेव्हा अख्खा देश त्याच्या नावाने नाचला. बास्केटबॉलवाल्या यानिसचंही तसंच. 1994 मध्ये अथेन्समध्ये जन्म, आईवडील नायजेरियाचे, भावांची नावं थानासिस, कोस्तास, सगळी चर्चच्या कॅलेंडरातली. नागरिकत्व मिळालं 2013 मध्ये, अमेरिकेचे स्काउट दारात उभे राहिल्यावर. मला तर वाटतं नावाची परीक्षा फक्त त्यांचीच घेतली जाते जे पदक आणत नाहीत. बाप्तिस्मा झालेल्या कुठल्या पेरिक्लिसला कुणी विचारत नाही, की बाबा रे, तुझ्या मागच्या शंभर पिढ्यांत अल्बेनियन किती, स्लाव किती.

म्हणून आमच्या मित्राला माझं (न विचारता दिलेलं) मत असं: इयासोनास ठेव, फक्त 'आम्ही अस्सल' या वाक्यासकट ठेवू नकोस. मधलं नाव तुझं लागणारच आहे. आणि पोराच्या वर्गात अल्बेनियाचा एखादा इयासोनास निघाला तर दोघांना एका बाकावर बसू दे.

या सगळ्यावर वाचताना मला आपल्या नाशिकची एक गोष्ट सापडली, ती सांगून थांबतो. पांडवलेण्यांतल्या 17 क्रमांकाच्या लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा एक शिलालेख आहे. लेणं कोरवून घेणारा स्वतःला यवन म्हणवतो, उत्तरेकडचा, दत्तामित्री गावचा. हे नाव देमेत्रिओस नावाच्या ग्रीक राजावरून आलं असावं असं मानतात, म्हणजे पुन्हा तीच देमेतर. हे यवन म्हणजे नेमके कोण, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. पण त्या माणसाचं स्वतःचं नाव आहे इंद्राग्निदत्त. आईवडिलांच्या सन्मानासाठी बुद्धांच्या पूजेला लेणं देतोय, आणि सोबत मुलगा आहे. कार्ल्यालाही असे यवन दाते आहेत, नावं सगळी इथलीच. पुढच्या वेळी लोहगडावरून उतरल्यावर चैत्यगृहातले खांब जरा निरखून बघा. तर नाशिकच्या त्या इंद्राग्निदत्ताच्या बापाचं नाव धर्मदेव, आणि मुलाचं नाव धर्मरक्षित. आजोबांचं नाव नातवाला, निदान अर्धं तरी!