गोलाईत गाणं कोण थांबवणार?

१९६४ च्या ‘माय फेअर लेडी’तली फुलवाली लंडनच्या कॉव्हेंट गार्डन मंडईत गाते खरी, पण ती मंडई कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओत उभारलेली होती. तिथे भाजीवालेही तालात हलतात. लातूरच्या गंजगोलाईला सेटची गरज नाही. निजामाच्या राजवटीत, १९१७ मध्ये, फय्याजुद्दीन या नगररचनाकाराच्या आराखड्यातून आकाराला आलेली ही गोलाई म्हणजे मधोमध जगदंबेचं देऊळ, भोवती गोल इमारत आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. कुठे सराफा, कुठे चपला, कुठे मिरची, कुठे गूळ. जो तो आपला सूर घेऊनच मध्यावर येतो. मिरचीच्या बाजूला तर ठसक्यासकट. सिनेमात नायिका गाऊ लागली की बाकीचे गप्प होतात किंवा मागे कोरस धरतात. इथे “घ्या की ओ ताई” आणि “परवडत न्हाई मावशी” एकाच वेळी, एकाच पट्टीत चालतं आणि कुणीही कुणासाठी थांबत नाही. मला तर हेच जास्त संगीतमय वाटतं. पुलंनी त्या फुलवालीचीच कथा ‘ती फुलराणी’त मराठी केली, तेव्हा भिस्त गाण्यांवर नाही, बोलीवर ठेवली; बाजाराचा कान असलेला माणूस तेच करणार. आणि बोलीचंच म्हणाल, तर नांदेडच्या इतवारा बाजारात घासाघीस मराठीत सुरू होते, दखनीत तापते आणि पैसे मोजताना पुन्हा मराठीत येते.