जवळची काठी

काठी म्हटली की डोळ्यांपुढे येते ती डोक्याभोवती गरगर फिरणारी लांब लाठी. कोल्हापूरकरांना हे दृश्य नवे नाही. शिवजयंतीला हलगी कडाडू लागली की मर्दानी खेळाचे आखाडे रस्त्यावर उतरतात. लाठी, दांडपट्टा, भाला, विटा यांचे हात होतात आणि लोक टाळ्या वाजवतात. याच आखाड्यात आणखी एक खेळ असतो. दिसायला साधा, म्हणून टाळ्याही त्याला कमीच. त्याचे नाव फरी-गदगा. वाचक बंधू-भगिनींनो, आज आम्ही लिहीत आहोत ते या जवळच्या काठीविषयी.

फरी म्हणजे लहानशी ढाल आणि गदगा म्हणजे चामडे चढवलेली आखूड काठी. मूळचा हा ढाल-तलवारीचा सराव. शिकताना कोणाचा जीव जाऊ नये म्हणून तलवारीच्या जागी गदगा आला. डोक्यावरचा वार तो शीर, गालावरचा तो तमाचा, अशी वारांना नावे आहेत. दोन्ही खेळाडू एकमेकांच्या इतके जवळ असतात की समोरच्याचा श्वास ऐकू यावा. काठी गरगर फिरवायला तेथे जागाच नसते. सारा भरवसा पायावर, नजरेवर आणि दुसऱ्या हातावर.

अशीच विद्या समुद्रापलीकडे फिलिपिन्स देशात आहे. तिला आर्निस किंवा एस्क्रिमा म्हणतात. वेताची हातात मावेल अशी आखूड काठी हे तिचे मुख्य साधन. त्या देशावर तीनशे वर्षांहून अधिक काळ स्पेनचे राज्य होते, म्हणून तिच्यातले पुष्कळ शब्द स्पॅनिश आहेत. लांबच्या अंतराला ते लार्गो म्हणतात, मधल्याला मेडिओ आणि जवळच्याला कोर्तो. 2009 साली तेथील सरकारने कायदा करून आर्निसला राष्ट्रीय खेळाचा मान दिला.

जवळच्या काठीसाठी त्या देशात सेबू शहराचे मोठे नाव आहे. तेथे 1952 साली आन्सियाँग बाकोन या उस्तादाने बालिंतावाक नावाच्या गल्लीत, एका घड्याळ दुरुस्तीच्या दुकानामागे, आपला वेगळा आखाडा सुरू केला. गल्लीचेच नाव त्या पद्धतीला पडले. बाकोन अंगाने लहानखुरा होता. त्याच्या पद्धतीत काठी एकच, दुसरा हात मोकळा. पण तो मोकळा हात नुसता लोंबत नाही. समोरच्याचे मनगट दाबणे, काठी अडवणे, वाट बंद करणे हे त्याचे काम. आपल्याकडे जे काम फरी करते, तेच तेथे तळहात करतो.

जवळ जाण्यात शहाणपण ते कोणते? काठी फिरते तेव्हा सर्वांत जास्त वेग तिच्या शेंड्याला असतो आणि मुठीजवळ सर्वांत कमी. घाबरलेला माणूस अर्धे पाऊल मागे सरतो आणि नेमका शेंड्याखाली सापडतो. धीर करून जो आत शिरतो, त्याला बसलाच तर काठीच्या मधल्या भागाचा वार बसतो, तोही पुरा जोर धरण्याआधी. मात्र आत शिरल्यावर समोरचा हात दाबला नाही, तर काठीच्या बुंध्याचा ठोसा तोंडावर बसतो. म्हणून नुसता धीर पुरत नाही, रोजची मेहनत लागते. अंतर ओळखणे हीच खरी विद्या आहे.

आमच्या भगिनींनी हे विशेष ध्यानात घ्यावे. बाईवर हात टाकणारा दहा फुटांवरून येत नाही. तो बसमध्ये, जिन्यात, कधी घरातच अगदी जवळ असतो. तेथे लांब लाठी फिरणार कशी? तेथे कामाला येते ती पायांची हालचाल, मनगट सोडवण्याची सवय आणि न घाबरणारी नजर. आता कोल्हापूरच्या आखाड्यांतून मुलीही मर्दानी खेळ खेळतात, ही समाधानाची गोष्ट आहे. आपल्या वस्तीतल्या मुलींचा त्यांत वाटा किती, हा प्रश्न प्रत्येक आईबापाने स्वतःला विचारावा.

काठी आपल्या समाजाला परकी नाही. गावाच्या वेशीवर राखणीला उभा असे तो वेसकर, घुंगराची काठी हाती घेऊन. पण ती काठी हुकमाची होती, हक्काची नव्हती. राखण गावाची करायची आणि भाकरी दारोदार मागायची! कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1918 साली महार वतने रद्द करून त्या बांधिलकीवर घाव घातला. त्याआधी पुण्यात मातंग समाजातील लहुजी वस्तादांनी तालीम चालवली. दांडपट्ट्याचे हात शिकायला जोतीराव फुले त्यांच्याकडेच गेले. विद्या देणारा कोण आणि घेणारा कोण, हे आपल्या मुलांना सांगितलेच पाहिजे.

आणि महाड विसरून चालणार नाही. 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्याचे पाणी घेतल्यानंतर आपल्या लोकांवर काठ्या घेऊन हल्ला झाला. आपल्यात फौजेत राहिलेले, काठी धरता येणारे लोक थोडे नव्हते. ते उलट उठले असते तर रक्ताचे पाट वाहिले असते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. पुढे हल्लेखोरांना न्यायालयात शिक्षा झाली. ज्याला मारता येते त्याने हात आवरला, तर त्याला संयम म्हणतात. ज्याला काहीच येत नाही त्याच्या गप्प बसण्याला लोक भित्रेपणा म्हणतात. मुलांना शिकवायचे ते यासाठी.

कायदाही हेच सांगतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 स्वसंरक्षणाच्या हक्काविषयी आहेत. स्वतःचा आणि दुसऱ्याचाही जीव वाचवण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, पण गरजेपुरताच. हल्लेखोर पळू लागल्यावर त्याच्या पाठीत घातलेली काठी हे स्वसंरक्षण नव्हे.

घरी सराव सुरू करणाऱ्यांना चार गोष्टी सांगतो. जाणत्या वस्तादाशिवाय जोडीने खेळू नका. नुसत्या चित्रफिती पाहून डोक्यावरचे वार करू नका. डोळा आणि बोटे आधी जायबंदी होतात. काठी वेताची, गुळगुळीत घ्या. फुटलेला बांबू वापरू नका, त्याची कूस डोळ्यात जाते. डोक्याला संरक्षण असल्याशिवाय वेग वाढवू नका. पहिला महिना फक्त पायांना द्या. पुढे, मागे, बाजूला. हात आपोआप शिकतात.

संकट आलेच तर आधी ओरडायचे, वाट मिळाली तर निघून जायचे, हेही त्यांना शिकवा. वाट मिळाली नाही, तर मागे सरून शेंड्याखाली सापडायचे नाही. एक पाऊल आत टाकायचे आणि समोरच्याचे मनगट धरायचे.