न केलेली नोंद

ज्ञानकोशातील चुकीची तारीख कोणाच्या तरी डोळ्यांस खुपते. न केलेली नोंद मात्र कोणाच्याच ध्यानात येत नाही.

२ ऑक्टोबर २०१८ रोजी कॅनडाच्या डोना स्ट्रिकलंड यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक विभागून जाहीर झाले. लेसरचे अतिलघू स्पंद अतितीव्र करण्याची रीत त्यांनी व जेरार मूरू यांनी १९८५ साली मांडली होती. त्या दिवशी इंग्रजी विकिपीडियावर मूरू यांची नोंद होती, स्ट्रिकलंड यांची नव्हती. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांच्यावरील मसुदा स्वतंत्र आधार अपुरे म्हणून नाकारला गेला होता.

आधार मागण्याचा नियम रास्तच आहे. तो सैल केल्यास अफवांनाही ज्ञानाची प्रतिष्ठा लाभेल. पण ज्यांच्याविषयी कोणी लिहिलेच नाही, त्यांचे आधार आणावयाचे कोठून? तेव्हा दोष केवळ संपादकांचा नव्हे, वृत्तपत्रांच्या व विद्यापीठांच्या उदासीनतेचाही आहे.

मराठी विकिपीडियाही स्वयंसेवकांच्याच श्रमांवर चालतो. अध्यापक व विद्यार्थी यांनी पारितोषिक-समितीचे मूळ पत्रक पाहून जुन्या नोंदी तपासाव्यात, नव्या साधार लिहाव्यात. पारितोषिक मिळाल्यावर संशोधकाची ओळख पटावी, हे ज्ञानकोशाला भूषणावह नाही.